'दानशूर' माणसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? मानपत्र छापायचंय, अर्जंट

द्राक्षवेल_दिंडोरी
मंडळी नमस्कार. आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपतर्फे पेरूच्या एका शेतीतज्ज्ञ साहेबांचा सत्कार ठेवलाय (पेरू देश, फळ नाही, हा जोक मीटिंगमध्ये ऑलरेडी होऊन गेलाय). साहेब एका एक्सपोर्टवाल्यांच्या कामाने दर सीझनला यायचे, त्यांचं काम उरकलं की संध्याकाळी आमच्या बांधावर येऊन बसायचे, ऑक्टोबर छाटणीला कोणती काडी धरायची, घड कशाने जिरतात, विरळणी कितपत करायची, सगळं सांगितलं, विचारलं तेवढंच नाही तर न विचारलेलं पण सांगितलं, आणि एक रुपया घेतला नाही. अवकाळी गारपिटीने बागा झोडपल्या त्या वर्षी तर जायचं तिकीट पुढे ढकलून थांबले. आता रिटायर होतायत, हा शेवटचा दौरा.

मानपत्र मराठीत तयार आहे, बाजूच्या कॉलममध्ये स्पॅनिश टाकायचंय म्हणजे घरी नेऊन बायकामुलांना दाखवता येईल. मराठीत आहे 'दानशूर, दयाळू आणि परोपकारी'. मोबाईलवर टाकून बघितलं तर दानशूरला कारितातिबो असं काहीतरी आलं. चालेल का? फ्लेक्सवाला रविवार कारंजाजवळचा आहे, त्याला लवकर मजकूर द्यायचाय.

लिंबूटिंबू_स्पॅनिश
दादा मी सध्या ए-टू लेवलला आहे, आमच्या पुस्तकात काइंड म्हणजे आमाब्ले दिलंय, तेच टाका ना. सोपं आहे, बाईमाणसाला पुरुषाला दोघांना एकच रूप, चुकायचा प्रश्नच नाही.

कॉलेजरोडची_मास्तरीण
लिंबूटिंबू, रूप चुकणार नाही पण वजन चुकेल. आमाब्ले हा शब्द लॅटिनमधून 'प्रेम करण्याजोगा' अशा अर्थाने आला खरा, पण आजच्या वापरात तो वागण्याबोलण्यापुरता आहे. बँकेतल्या बाईने हसून फॉर्म भरून दिला, ती आमाब्ले. कुणी दार धरून ठेवलं, तो आमाब्ले. 'मुय आमाब्ले' एवढे दोनच शब्द लॅटिन अमेरिकेत सरळ 'आभारी आहे' या अर्थाने पण म्हणतात. ज्या माणसाने वर्षानुवर्षं बांधावर बसून शिकवलं त्याला आमाब्ले म्हणणं म्हणजे 'तुम्ही फार सौजन्याने वागलात' म्हणून नारळ देणं.

आणि द्राक्षवेल दादा, कारितातिबो प्लीज नको. तो कारिदाद पासून येतो, कारिदाद म्हणजे चर्चवाली चॅरिटी, गोरगरिबांना, आजाऱ्यांना केलेलं दान. व्याकरणात काही चूक नाही पण त्या शब्दात एक वर आणि एक खाली असे दोघं उभे असतात. तुम्ही स्वतःच्याच मानपत्रात स्वतःला खाली उभं करताय.

खोचक_काका
मास्तरीणबाईंशी सहमत, आणि मी तर म्हणतो मूळ मराठीच बदला. दानशूर म्हटलं की कर्ण, कवचकुंडलं, नाहीतर मग शाळेच्या कोनशिलेवर नाव असलेले शेठजी. या माणसाने दिलं काय? वेळ दिला, माहिती दिली. त्याला दानशूर कोण म्हणतं? 'दयाळू' तर त्याहून वाईट, दयाळू देव असतो नाहीतर मालक असतो. तुमच्या कमिटीत मानपत्राचा ठरलेला नमुना कॉपी-पेस्ट करणारं कोणीतरी आहे.

द्राक्षवेल_दिंडोरी
काका, आहे कोणीतरी 😅 नाव नको, ते पण हा धागा वाचतात. पण मराठीत अशी विशेषणं लावल्याशिवाय मानपत्र मानपत्र वाटत नाही हो लोकांना.

वायनरीवाला
मी गंगापूर धरणाकडे वाईनच्या धंद्यात आहे त्यामुळे माझं स्पॅनिश फक्त बाटलीवरचं. पण खेनेरोसो हा शब्द मला पक्का माहितीये. तिकडे स्पेनच्या दक्षिणेत खेरेसची शेरी असते ना, फिनो, मान्सानिया, आमोन्तियादो, ओलोरोसो, ह्या सगळ्यांना मिळून 'बिनो खेनेरोसो' म्हणतात, कमीत कमी १५ टक्के अल्कोहोल. म्हणजे उदार वाईन 😄 तर माणसाला पण तोच शब्द लावतात का, की बाटली समजतील?

कॉलेजरोडची_मास्तरीण
लावतात, आणि माझ्या मते तोच मुख्य उमेदवार आहे. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'चांगल्या कुळातला', म्हणजे आपलं कुलीन. थोरामोठ्यांनी हात सढळ ठेवावा ही अपेक्षा, त्यातून उदार हा अर्थ चिकटला. आज कुळाचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. भरपूर या अर्थाने पण येतो, ताटात भरपूर वाढलं तर ते वाढणं खेनेरोसो, चांगलं पिकवणारी जमीन पण 'तिएर्रा खेनेरोसा'. माणसाला लावला की पैसा, वेळ, ज्ञान, कौतुक काहीही सढळपणे देणारा. घेणारा लहान ठरत नाही. मित्र मित्राला म्हणू शकतो, शिष्य गुरूला म्हणू शकतो, बाप मुलाला म्हणू शकतो. कारितातिबो मित्राला म्हणून बघा, भांडण होईल.

उच्चार मात्र 'जेनेरोसो' करू नका कोणी. इंग्रजी सवयीने सगळे ज म्हणतात. ई आणि आयच्या आधी तो ग घशातून ख सारखा येतो, आणि जोर 'रो' वर.

माद्रिदचा_नाशिककर
मूळचा पंचवटीचा, सध्या माद्रिदला. इथे ऑफिसात रिटायरमेंटच्या कार्डांवर काय काय लिहितात ते बघून सांगतो. खेनेरोसो असतंच. त्याशिवाय देस्प्रेन्दिदो हा एक शब्द मला फार आवडतो, त्याचा अर्थ वस्तूंना चिकटून न राहणारा, जवळचं सहज सोडून देणारा. सढळ हाताच्या पण पुढचा, कारण यात हात नाही, ओढच नाही. मग बोन्दादोसो आहे, मनाने चांगला, आपल्या मायाळू कनवाळूच्या जवळचा. दादिबोसो आहे, देण्याची आवड असलेला. एस्प्लेन्दिदो आहे, म्हणजे पार्टी दिली की बिल बघत नाही असा. आणि बोलताना सगळ्यात जास्त काय ऐकू येतं तर 'एस उन पेदासो दे पान', शब्दशः पावाचा तुकडा आहे हा माणूस (इथे माद्रिदला त्या 'सो' चा उच्चार जीभ दातात धरून करतात, तिकडे पेरूत सरळ स).

मिसळप्रेमी_इंदिरानगर
पावाचा तुकडा हे नाशिकच्या मानपत्रात शोभेल 😂 सोबत रस्सा पण लागेल.

खोचक_काका
मिसळप्रेमी, तुम्ही प्रत्येक धाग्यावर मिसळ कशी आणता हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

कॉलेजरोडची_मास्तरीण
माद्रिदकरांची यादी छान आहे पण एकेक घासून बघायला हवा, कारण डिक्शनरीत हे सगळे एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात आणि तिथेच विद्यार्थी फसतात.

दादिबोसो मी बाद करेन. तो दादिबा वरून येतो, दादिबा म्हणजे दिलेली वस्तू, भेट. 'दादिबास केब्रान्तान पेन्यास' अशी जुनी म्हण आहे, भेटी दिल्या की खडकसुद्धा फुटतात, म्हणजे काय ते समजून घ्या. स्पेनच्या फौजदारी कायद्यात लाचखोरीच्या कलमात पण हाच दादिबा शब्द आहे. विशेषण म्हणून दादिबोसोला लाचेचा वास नाही, तो चांगलाच शब्द आहे, पण एकतर पुस्तकी आहे आणि दुसरं म्हणजे त्यात वस्तू देणं आहे. साहेबांनी कोणाला पेटी पाठवली नाही, बागेत उभं राहून छाटणी दाखवली.

बोन्दादोसो चूक नाही. पण गोष्टीतल्या आजोबांना, एखाद्या वृद्ध पाद्र्याला जास्त शोभतो. त्यात मऊपणा आहे. साहेब कसे आहेत, मऊ?

द्राक्षवेल_दिंडोरी
मऊ? मॅडम, आमच्या चुलत्यांनी एकदा औषधाची फवारणी चुकीच्या टायमाला केली होती तर दुभाष्याला पण भाषांतर करायला लाज वाटावी असं बोलले होते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी स्वतः येऊन पानं उलटी करून करून डाऊनी रोग बघत बसले. मऊ अजिबात नाहीत.

कॉलेजरोडची_मास्तरीण
मग बोन्दादोसो कटाप. आणि ही माहिती आधी द्यायची ना दादा, विशेषण माणूस बघून निवडतात. तुम्ही मराठी शब्द दिलात आणि त्याला स्पॅनिश शब्द मागितलात, मधला माणूसच गायब होता.

खंडू_पिंपळगाव
देस्प्रेन्दिदो बद्दल एक शंका. मी एक्सपोर्टच्या पॅकहाऊसला आहे, स्पॅनिशवाल्या खरेदीदारांच्या मेलमध्ये मणी देठापासून सुटलेत त्याला असलंच काहीतरी क्रियापद असतं. म्हणजे आम्ही साहेबांना मणीगळ म्हणणार का 😀

माद्रिदचा_नाशिककर
हाहा, बरोबर पकडलंत खंडूभाऊ. क्रियापद तेच, देस्प्रेन्देर्से, सुटणं, वेगळं होणं. डोळ्याचा पडदा सरकतो त्याला पण डॉक्टर 'देस्प्रेन्दिमिएन्तो दे रेतिना' म्हणतात. माणसाबद्दल वापरलं की कोणी गोंधळत नाही, संदर्भाने कळतं. पण द्राक्षवाल्या माणसाला द्राक्षवाल्यांनी देस्प्रेन्दिदो म्हटलं तर तो हसेल एवढं नक्की. मला तर ते आवडेल.

खोचक_काका
मानपत्रात विनोद नको. वाचून दाखवताना तो एकटाच हसणार आणि बाकीचे चारशे लोक एकमेकांकडे बघणार.

मावशी_नाशिकरोड
मला स्पॅनिश ओ की ठो येत नाही पण वाचतेय कधीची. माझा एक साधा प्रश्न, गारपिटीत थांबले, तिकीट बदललं, त्याला शब्द नाही का काही? ते देणं वेगळं झालं ना रे बाळांनो. शिकवणं म्हणजे जवळचं देणं आणि थांबणं म्हणजे आपल्या दुःखात उभं राहणं. दोन्हीला एकच शब्द कसा पुरेल?

कॉलेजरोडची_मास्तरीण
मावशी, तुम्हाला स्पॅनिश येत नाही आणि प्रश्न मात्र सगळ्यात नेमका विचारलात. आहे शब्द, सोलिदारियो. दुसऱ्याच्या अडचणीत, लढ्यात त्याच्या बाजूने उभा राहणारा. यातही वर-खाली नाही, शेजारी-शेजारी आहे. भूकंप पूर वगैरे झालं की स्पॅनिश बातम्यांमध्ये लोकांच्या मदतीला हा शब्द सारखा येतो. एकट्यादुकट्याच्या मैत्रीला तो थोडा औपचारिक वाटतो पण अख्ख्या गावाचं, ग्रुपचं नुकसान झालं आणि हा थांबला, तर फिट्ट बसतो. परोपकारीच्या जागी मी हाच टाकेन. 'आल्त्रुइस्ता' पण आहे परोपकारीला, पण तो निबंधातला वाटतो.

लिंबूटिंबू_स्पॅनिश
मग साधं 'चांगला' का नाही? बुएनो. 'एल एस्ता बुएनो' लिहिलं की झालं, सगळ्यांना कळेल.

माद्रिदचा_नाशिककर
अरे थांब थांब थांब 🤣🤣 'एस्ता बुएनो' माणसाला म्हटलं तर त्याचा अर्थ होतो दिसायला एकदम कडक माल आहे. रिटायर होणाऱ्या साहेबांना, बायकोला दाखवायच्या मानपत्रात. 'एस बुएनो' म्हण, एस, एस्ता नाही. दोन्ही 'असणं' या अर्थाचीच क्रियापदं, पण सेर (एस) वेगळं, एस्तार (एस्ता) वेगळं. जेवणाला एस्ता बुएनो चालतं.

लिंबूटिंबू_स्पॅनिश
🙈 आमच्या क्लासमध्ये हे नाही सांगितलं.

कॉलेजरोडची_मास्तरीण
सेर-एस्तार इथे खरंच महत्त्वाचं आहे, कारण खेनेरोसोला पण तोच नियम. 'एस खेनेरोसो' म्हणजे स्वभावच तसा. 'एस्ता खेनेरोसो' म्हणजे आज स्वारी उदार झालेली दिसते, काय भानगड आहे. थट्टेचा सूर येतो.

अजून एक सापळा, मोठा माणूस. मराठी सवयीने कोणीतरी 'ओम्ब्रे ग्रान्दे' लिहिणार. नामाच्या मागून ग्रान्दे लावलं तर आकाराने मोठा, धिप्पाड, काही देशांत वयस्कर. थोर म्हणायचं तर आधी लावायचं आणि आखूड करायचं, 'ग्रान ओम्ब्रे', 'ग्रान आमिगो'. खेनेरोसो आधी लावा नाहीतर मागून, अर्थ पालटत नाही. आधी लावला की जरा अलंकारिक होतो, 'नुएस्त्रो खेनेरोसो आमिगो', मानपत्राला बरा दिसेल.

द्राक्षवेल_दिंडोरी
मॅडम तुम्ही फीस सांगा आता 🙏 म्हणजे खेनेरोसो आणि सोलिदारियो फायनल धरतो. पण कमिटीवाले म्हणतायत दोनच विशेषणं फार कमी वाटतात, मराठीत तर तीन ओळी भरून आहेत, 'नोब्ले', 'खेन्तिल', 'सिंपातिको' पण टाकू का? हे मोबाईलने सुचवले.

खोचक_काका
कमिटीला म्हणावं विशेषणं किलोवर नसतात.

माद्रिदचा_नाशिककर
नोब्ले टाकलं तर हरकत नाही, सरळ मनाचा, डाव नसलेला अशा अर्थाने माणसाला म्हणतात. खेन्तिल म्हणजे अदबशीर, आमाब्लेचाच भाऊ, पानं उलटी करून रागावणाऱ्या माणसाला नको. सिंपातिको म्हणजे सिंपथीवाला नव्हे, सिंपातिको म्हणजे गप्पिष्ट, ज्याच्यासोबत बसायला मजा येते असा. तो मानपत्रात नाही, जेवणाच्या टेबलावर म्हणा. आणि ते पेरूचे आहेत ना, मग स्टेजवरून उतरल्यावर त्यांच्याजवळ जाऊन 'उस्तेद एस बुएना खेन्ते' म्हणा. शब्दशः चांगली लोकं, पण एका माणसाला पण असंच म्हणतात, माझा एक पेरूचा सहकारी आवडत्या माणसाबद्दल दुसरं काही बोलतच नाही. छापू नका, बोला.

वायनरीवाला
पेरूच्या माणसाला जेवणाच्या टेबलावर मी पिस्को (त्यांच्याकडची ब्रँडी) द्यायला तयार आहे, तोही द्राक्षांचाच, त्यांच्या इका भागातला. मिळाला तर. नाहीतर आपली दिंडोरीची वाईन.

कॉलेजरोडची_मास्तरीण
दादा, विशेषणं वाढवू नका, वाक्य वाढवा. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं 'न विचारलेलं पण सांगितलं' हे सगळ्यात भारी आहे आणि ते मानपत्रात कुठेच नाही. स्पॅनिशमध्ये खेनेरोसोच्या पुढे 'कोन' हा शब्द (म्हणजे 'सह') लावून कशाबाबत उदार ते सांगता येतं. नुसतं उदार म्हटलं तर कोणालाही लागू, कोन लावलं की तो त्या एका माणसाचा होतो. मी असं लिहीन:

'उस्तेद फुए खेनेरोसो कोन सु तिएम्पो इ कोन तोदो लो के साबे. नुंका से ग्वार्दो नादा.'

म्हणजे, तुम्ही तुमच्या वेळेच्या आणि तुम्हाला येतं त्या सगळ्याच्या बाबतीत सढळ राहिलात, हातचं काही राखलं नाहीत. ते 'हातचं राखणं' स्पॅनिशमध्ये जवळपास जसंच्या तसं बसतं, ग्वार्दार्से म्हणजे स्वतःकडे ठेवून घेणं.

खोचक_काका
हे झकास आहे. मराठीत पण हेच टाका, 'हातचं न राखता शिकवलंत'. दानशूर खोडा.

माद्रिदचा_नाशिककर
मास्तरीणबाई वाक्य एक नंबर, फक्त ते 'फुए' मला टोचतंय. तुम्ही उदार होतात, पूर्ण भूतकाळ, माणूस समोर खुर्चीत बसलाय. व्याकरण बरोबरच आहे पण आमच्याकडे कार्डावर असं वाचलं तर श्रद्धांजलीसारखं लागतं थोडं. 'उस्तेद आ सिदो खेनेरोसो' केलं तर? राहत आलात, अजून आहात.

कॉलेजरोडची_मास्तरीण
पेरूत साधा भूतकाळ सर्रास वापरतात, स्पेनइतकं आ सिदो ते म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांना फुए खटकेलच असं नाही. पण मुद्दा मान्य, सत्काराला आ सिदो जास्त सुरक्षित आहे. बदला. दुसऱ्या वाक्यातला ग्वार्दो राहू द्या तसाच.

आणि वर संबोधन काय ठेवलंय? नुसतं सेन्योर नको. कृषी इंजिनिअर आहेत ना ते? लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शेतीतज्ज्ञाला 'इन्खेनिएरो' म्हणूनच हाक मारतात, आपल्याकडे डॉक्टरसाहेब म्हणतो तशी. 'एस्तिमादो इन्खेनिएरो' आणि पुढे आडनाव. त्यांच्या कानाला तो मान सवयीचा असेल.

द्राक्षवेल_दिंडोरी
अरे हो! फोनवर त्यांच्याकडची माणसं त्यांना 'इन्खे, इन्खे' करतात, आम्हाला वाटायचं नाव आहे त्यांचं. आमच्यातले दोघं तर त्यांना इंगे साहेब म्हणतात, इंगे आडनाव समजून 😂

मावशी_नाशिकरोड
इंगे साहेब! बिचारे कधी काही बोलले नाहीत.

द्राक्षवेल_दिंडोरी
तर आता असं ठरलं, वर एस्तिमादो इन्खेनिएरो, मग मॅडमचं वाक्य आ सिदो करून, मग गारपिटीच्या वर्षाचं एक वाक्य त्यात सोलिदारियो, आणि शेवटी 'इतक्या वर्षांच्या मैत्रीबद्दल आभार', ते 'ग्रासियास पोर तान्तोस आन्योस दे आमिस्ताद' बरोबर ना? मराठीतलं दानशूर पण कमिटीने काढलं, एक जण रुसलेत पण चालतंय. स्टेजवर लिंबूटिंबू वाचणार, आमच्या पाहुण्यांचीच पोरगी निघाली ती.

लिंबूटिंबू_स्पॅनिश
हो 😬 खेनेरोसो खेनेरोसो खेनेरोसो. घरातले म्हणतायत घसा बसला का.

खंडू_पिंपळगाव
द्राक्षवेल भाऊ, फ्लेक्सवाल्याला एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगा. आन्योस मध्ये त्या 'एन' च्या डोक्यावर लाट असते, ती उडाली की शब्द 'आनोस' होतो आणि त्याचा अर्थ वर्षं नाही, गुदद्वारं. इतक्या गुदद्वारांच्या मैत्रीबद्दल आभार. आमच्याकडे एका लेबलवर ती लाट उडाली होती, खरेदीदाराने फोटो काढून परत पाठवला.

मिसळप्रेमी_इंदिरानगर
🤣🤣🤣 आज ऑफिसात जोरात हसलो, साहेब बघायला आला.

कॉलेजरोडची_मास्तरीण
खंडूभाऊंचं शंभर टक्के खरं. 'एन्सेन्यार', शिकवणं, यात पण तीच लाट आहे, सेन्योरमध्ये पण. वर्ड फाईल देऊ नका, त्याच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला की अक्षर बदलतं. मला मजकूर पाठवा, मी पीडीएफ करून देते, आणि प्रूफ आलं की छापायच्या आधी इथे फोटो टाका.

द्राक्षवेल_दिंडोरी
पाठवतो मॅडम. आणि प्रूफ बघायला खंडूभाऊंना सोबत नेतो रविवार कारंज्याला.

खंडू_पिंपळगाव
पाच नंतर चालेल, आधी पॅकहाऊसला गाडी भरायची आहे.